बारीक शिट्टी

उन्हाळ्यात सोलापुरात कॉम्प्युटर आपोआप बंद पडायला लागतात आणि लोक ते माझ्या दुकानात आणून ठेवतात. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या. अंध मुलांसाठी त्या घरीच धडे वाचून रेकॉर्ड करायच्या. मशीन तापून बंद पडतं, शिवाय पंख्यांचा आवाज माइकमध्ये येतो, अशी त्यांची तक्रार होती.

कॅबिनेटला पुढून सबंध काच होती, हवा आत शिरायला वाटच नव्हती. प्रोसेसरवर मुद्दाम पूर्ण ताण दिला, तर दहा मिनिटांत चौऱ्याण्णव अंश. मग जाळीचं कॅबिनेट घेतलं. पुढे दोन मोठे पंखे, मागे एक, तिन्हींचा वेग कमी. पुन्हा ताण दिला. अर्ध्या तासानंतरही आकडा पंचाहत्तरच्या वर गेला नाही.

आवाज तपासायला मी सकाळी लवकर दुकानात गेलो. शटर अर्धं खाली ओढलं, छताचा पंखा बंद केला आणि घाम पुसत कॅबिनेटला कान लावून बसलो. काहीच आवाज नाही. स्वतःवरच खूश झालो.

दुपारी बाई आल्या. मशीन चालू केल्या केल्या म्हणाल्या, "शिट्टी वाजतेय हो यातून."

"कुठं? बाहेरचं काहीतरी असेल, मॅडम."

"नाही, यातूनच. तुम्हाला येत नाही ऐकू?"

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. मी तिलाच ऐकायला लावलं. ती वाकली आणि म्हणाली, "वाजतंय की. लई बारीक हाय, पण वाजतंय."

मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "तुमाला कमी ऐकू येतंय. लई दिवस झाले. सांगायला गेलं की तुमी चिडता."

शिट्टी पॉवर सप्लायमधून येत होती. तो बदलला. शिट्टी थांबली, हेही बायकोनेच सांगितलं. बाई समाधानाने मशीन घेऊन गेल्या.

त्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी मला एका बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी अंगठा तयार ठेवून बसलो. बराच वेळ दाबायची वेळच आली नाही.

"यंत्रमागांच्या खडखडाटात काम केलंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठ वर्षं, चादरींच्या कारखान्यात. कॉम्प्युटर शिकायच्या आधी."

"गेलेलं परत येत नाही. उरलंय ते सांभाळा."

आई माझ्याहून कितीतरी जास्त वर्षं त्याच कारखान्यात होती. तिला आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. घरी येऊन तिच्या शेजारी बसलो.

"आई, माझे पण कान गेले."

"आं?"

मोठ्याने पुन्हा सांगितलं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "जेवलास का?"

मी मान हलवली. एकच गोष्ट तीनदा सांगावी लागली की मी तिच्यावर खेकसायचो, पाहुण्यांसमोरसुद्धा. मी काय बोलतोय ते तिला कुठं कळतंय, असं मला वाटायचं. माझा चेहरा तर तिला दिसत होता.