पत्रेकाकांचे भित्रे मासे

पत्रेकाकांनी लातुरात तीन मजली पक्की इमारत बांधली, खालपासून वरपर्यंत स्लॅब टाकला, खोल्याखोल्यांतून शिकवणीची पोरं भरली आणि स्वतः झोपायला अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत गेले. भूकंपाला तेव्हा दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. बाकीचं शहर कधीच घरात परतलं होतं, काका परतले नव्हते. काकू तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत, काका अंगणात, आणि मध्ये एक खिडकी. त्या खिडकीतून दोघांचा संसार चालायचा. "अहो, गोळी घेतली का?" असं आतून, आणि "घेतली. तू कडी लावू नको," असं बाहेरून. दिवसाची शेवटची वाक्यं रोज हीच.

पत्रेकाका हे नाव पोरांनी ठेवलेलं. डॉक्टर व्हायला आलेली ती पोरं, त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. एकानं एकदा तोंडावरच विचारलं, "काका, आम्हाला स्लॅबखाली ठेवता अन् तुम्ही पत्र्याखाली. आम्ही मेलो तर चालतंय व्हय?"

काका शांतपणे म्हणाले, "तुमच्या बापानं वर्षाची फी भरलीय. निकाल लागेपर्यंत तुम्हाला मरायची परवानगी न्हाई."

मी त्या इमारतीच्या मेसमध्ये स्वयंपाकी होतो. गाव इस्लापूर, तिकडं किनवटकडं. नववीत शाळा सोडली आणि पोटामागं फिरत फिरत लातुरात येऊन टेकलो. बायको गावाकडं, आईजवळ, कारण मी झोपायचो मेसमध्ये पिठाच्या पोत्यांशेजारी आणि तिथं दोघांना जागा नव्हती. माझा स्वभाव मुळातच काळजीचा. अंथरुणावर पडलो की गॅस बंद केला का, म्हणून उठायचं. परत पडलो की दाराचं आठवायचं. आधी जिथं जिथं काम केलं तिथं यावर लोक हसले. काका हसले नाहीत. ते अंगणातूनच आवाज द्यायचे, "ए इस्लापूर, गॅस बंद हाय. मी बघून आलोय. झोप आता." घरापासून इतक्या लांब कुणीतरी माझ्या वाटची काळजी करून ठेवतंय, याचं मला किती बरं वाटायचं ते मी त्यांना कधी बोललो नाही.

त्यांच्या भीतीमागं त्यांची थोरली बहीण होती. ती औसा भागातल्या एका खेड्यात दिलेली, दगडमातीच्या घरात. भूकंपाच्या त्या पहाटेनंतर काकांनी तिथं स्वतःच्या हातांनी दगड उपसले होते. याहून जास्त ते बोलायचे नाहीत. मी एकदा म्हणालो, "काका, स्लॅबची घरं तर टिकली म्हणतात." ते म्हणाले, "मला ठाऊक हाय की. म्हणून तर बांधलं. पण माझ्या पाठीला ठाऊक न्हाई. आडवं झालं की पाठ ऐकत न्हाई."

तर अशा या माणसाला कुणीतरी सांगितलं की भूकंप माशांना आधी कळतो. पुढं आम्ही नांदेडला गेलो. त्यांच्या नात्यात लग्नकार्य होतं आणि मला तिथून गावाकडं जायचं होतं. रस्त्यात त्यांना माशांचं दुकान दिसलं. लोक दुकानात जाऊन चिवट मासा मागतात, लवकर न मरणारा. काकांनी विचारलं, "भाई, तुमच्याकडं सगळ्यात भित्रा मासा कोणता?"

दुकानदार भाई आधी काकांकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. "भित्रा?"

"हाव. खुट्ट झालं की दचकणारा."

भाईंनी कोपऱ्यातली उंच टाकी दाखवली. त्यात ताटलीसारखे गोल, चपटे मासे उभे होते. नारंगी अंग, त्यावर निळ्या रेघा. "ये डिस्कस. साया पड्या तो भी डरते. डरे तो काले पडते, कोने में घुसते, खाना छोड देते. मगर काका, पहली टाकी है ना तुमारी? फिर ये नक्को. गप्पी लेव."

"गप्पी भितो का?"

"गप्पी किसी के बाप से नै डरता."

"मग तो काय कामाचा?" काका म्हणाले आणि तिथंच बसकण मारून टाकीची सगळी माहिती विचारू लागले. माझी गाडी चुकली.

टाकी ठेवायची कुठं यावरून पहिली अडचण आली. काकांना ती पत्र्याच्या खोलीत, उशाशी हवी होती. भाईंनी फोनवर साफ नाही म्हटलं. या माशांना पाणी कोमट लागतं, पण बारा महिने सारखंच. पत्र्याखाली मे महिन्यात त्यांचा रस्सा होईल. मग टाकी गेली काकूंच्या खोलीत. काकू म्हणाल्या, "बघा नशीब. माणूस येईना अन् मासे यायलेत."

पण मासे लगेच येणार नव्हते. आधी टाकी पिकू द्यायची, असं भाईंचं सांगणं. म्हणजे पाणी भरायचं, हीटर आणि हवेचा पंप चालू ठेवायचा आणि रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकायचं. ते कुजलं की चांगले जंतू वाढतात आणि पुढं तेच माशांची घाण पचवतात. महिनाभर काका नुसत्या पाण्याला जेवण घालत होते. पोरं मुद्दाम बघायला यायची. "काका, मासा लई लाजाळू हाय, दिसंना." काका म्हणायचे, "तुमचा अभ्याससुद्धा आम्हाला दिसत न्हाई. आम्ही काय बोललो का?"

आमचं बोअरचं पाणी जड, भांड्यावर पांढरा थर धरणारं. डिस्कसला हलकं पाणी लागतं. म्हणून प्यायच्या पाण्याचे जार आणून ते बोअरच्या पाण्यात मिसळायचं आणि कागदाची पट्टी बुडवून रंग बघायचा. शिवाय थोडं पाणी रोज बदलायचं. लातुरात पाण्याची बोंब, पोरांना आंघोळीला एक बादली. त्यामुळं पोरांनी तक्रार आणली की मासे रोज आंघोळ करतात. त्यावर काकूंनी टाकीतलं काढलेलं पाणी फरशीला आणि कढीपत्त्याला वापरायला सुरुवात केली. तेवढ्यावर मिटलं.

मासे आले ते काकांच्या मांडीवर बसून, नांदेडच्या एसटीनं, थर्माकोलच्या खोक्यात. पिशव्या टाकीत तरंगत ठेवल्या, टाकीतलं पाणी वाटी-वाटीनं त्यात मिसळलं आणि मग एकेकाला सोडलं. सोडल्याबरोबर सगळे एका कोपऱ्यात जाऊन तिरके झाले आणि काळेठिक्कर पडले. काका खूश. "बघ इस्लापूर, काय भितेत!"

ती खुशी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली. सकाळी मी मेसमध्ये मिक्सर लावला, मासे काचेवर आपटले, काका ओरडत अंगणात आले, "बाहेर या! सगळे बाहेर या!" तीन मजल्यांवरची पोरं टॉवेलवर, एक तर तोंडात ब्रश घेऊन, खाली जमली. सगळं कळल्यावर एक जण म्हणाला, "काका, आजची चटणी चार रिश्टरची व्हती."

मासे कुकरच्या शिट्टीला भ्यायचे, जिन्यावरच्या चपलांना भ्यायचे, काकू पदर झटकायच्या त्यालाही भ्यायचे. मुख्य म्हणजे ते खात नव्हते. काकांनी पुन्हा भाईंना फोन लावला. भाईंनी विचारलं, "तुम सामने कित्ती देर बैठते?" काका बसतच नव्हते. दारातून डोकावून परत अंगणात जात होते. भाई म्हणाले, "उनको आदमी की आदत लगाव. रोज सामने बैठो, हिलना नै. तुम उछले तो वो भी उछलते."

माशांच्या जिवावर बेतलं म्हणून काका आत बसू लागले. पहिल्यांदा खुर्ची उंबऱ्यावर, पायात चपला. मग खुर्ची आत, चपला पायातच. पुढं कधीतरी चपला दारात दिसू लागल्या. ते टाकीसमोर बसून हळू आवाजात माशांना खुलासे द्यायचे, "काही न्हाई, मिक्सर हाय. काही न्हाई, वरच्या मजल्याचं पोरगं जिन्यावरून घसरलं. त्याला सवय हाय." लोडशेडिंगमध्ये पोरांच्या अभ्यासाचा इन्व्हर्टर टाकीला जोडला जायचा, थंडीत टाकीभोवती काकूंची वाकळ. पोरं कुरकुरली तर म्हणायचे, "अभ्यास बंद पडला तर परत चालू होतो. मासा होत न्हाई." हळूहळू मासे उजळले. एक दिवस त्यातला मोठा काकांच्या बोटातून खाऊन गेला. काका दिवसभर ते बोट सगळ्यांना दाखवत होते.

पण झोपायच्या वेळी काका उठून अंगणात जायचेच. काकूंचे गुडघे तेव्हा फार धरले होते. मेथी निवडता निवडता त्या मला म्हणाल्या, "मला मासे-बिशे काय कळत न्हाई रे. म्हातारपणी हाक मारली तर माणूस शेजारी असावं, एवढंच. खिडकीतून किती दिवस हाका मारायच्या?" माझी बायको तर खिडकीतूनही दिसत नव्हती.

मग एका हिवाळ्यात, पोह्यांच्या वेळेला, खरंच हललं. कढई ओट्यावरून सरकली. मी हातात झारा घेऊन अंगणात, पोरं धडाधडा खाली. तेवढ्यात थांबलंसुद्धा. आम्ही एकमेकांची तोंडं बघितली आणि लक्षात आलं की काका नाहीत. नेहमी सगळ्यांच्या आधी अंगणात असणारे काका. मला आत जायचं धाडस होत नव्हतं, तरी गेलो.

काकू खाटेवर बसलेल्या, पाय खाली सोडून. काका त्यांच्या शेजारी, त्यांचं मनगट धरून, नाडी बघतात तसं. त्यांचं कपाळ घामानं भिजलेलं. टाकीतलं पाणी अजून डुचमळत होतं आणि मासे कोपऱ्यात काळे.

"काका, बाहेर चला."

"थंडीत हिला उठायला वेळ लागतो," काका म्हणाले. "म्हणलं, बसू."

काकू म्हणाल्या, "मी सांगायलेय, तुम्ही जा. तुमचे मासे कवाचे सांगायलेत."

"ते मिक्सरलाबी सांगतेत," काका म्हणाले. पण मनगट सोडलं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी वळकटी उचलून आत आणली. कुणी काही बोललं नाही. पोरंसुद्धा नाही, आणि ती गोष्ट सोपी नव्हती. काही दिवसांनी मी विचारलं, "काका, भीती गेली का?"

"भीती कुठं जाती? हाय की. आता आत बसून भितो." मग म्हणाले, "ती पत्र्याची खोली मोकळीच पडलीय. तुझ्या बायकोला घेऊन ये. पावसात पत्रा वाजतो, तिला आधीच सांगून आण."

आणली. माझा संसार त्या खोलीत सुरू झाला. पत्रा खूप वाजायचा, आणि मला कधी नव्हे ती गाढ झोप लागायची.

पुढं सुरतेला मेस चालवायला घ्यायची संधी आली. काका स्टँडवर सोडायला आले. "तिथं घर कितव्या मजल्यावर?" त्यांनी विचारलं. तिसऱ्या, असं मी चाचरतच सांगितलं. वाटलं, आता म्हणतील, खालचं बघ. ते म्हणाले, "वारा चांगला येत असंल."

गेल्या उन्हाळ्यात काकूंचा फोन आला. "काका गेले रे. झोपेत गेले, काही कळलंच न्हाई." मग म्हणाल्या, "घरात गेले. माझ्याशेजारी."

मी उगीच विचारलं, "अन् मासे?"

"हायत की. लई खातेत मेले," काकू म्हणाल्या. "आता कुणीबी समोर बसलं तरी येतेत."