दामोदरपंतांनी दिलेले चार गुण

दामोदरपंत मास्तरांना मी प्रथम पाहिले ते ठाण्याच्या इंग्रजी शाळेत, आणि पहिल्याच दिवशी हादरलो. एका पुनर्विवाहाच्या पंगतीला बसले म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकले होते. त्यांच्या घरचे पाणीदेखील कोणी घेत नसे. आणि त्याच गृहस्थांनी फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला, 'विधवांचा पुनर्विवाह व्हावा की नाही?' आम्ही एकमेकांची तोंडे पाहत राहिलो.

मी कल्याणच्या भिक्षुकाचा मुलगा. शिष्यवृत्ती मिळाली तरच माझी शाळा पुढे चालणार होती, आणि ती या निबंधावर ठरायची होती. तेव्हा घरची शिकवण खुंटीला टांगून मी पुनर्विवाहाची बाजू घेतली, तीही मास्तरांच्या व्याख्यानातली वाक्ये जशीच्या तशी उचलून. माझ्या वर्गातला सदाशिव मात्र उलट बाजूने लिहून बसला. पंतांना वाळीत टाकणाऱ्यांचे पुढारी याचेच वडील!

कागद परत आले. माझ्या समासात शाईचा ठिपकाही नव्हता, म्हणून मी तो कागद वर्गभर मिरवला. सदाशिवाचा समास तांबड्या शाईने भरून मागच्या पानावर गेला होता. मला त्याची कीव आली. मग पंतांनी गुण वाचले. सदाशिवाला वीसपैकी अठरा, मला चार.

"मास्तर, मी तर आपल्याच बाजूने लिहिले!"

"माझ्या बाजूने, आणि माझ्याच तोंडाने. त्याला मी उत्तर काय देणार? सदाशिवाला उत्तर देता देता मला घाम फुटला."

पंतांची रीत मला तेव्हा कळली. मुलाचे मत पटते की नाही, हे ते पाहतच नसत. त्याच्या प्रत्येक मुद्द्याला समासात उत्तर लिहीत, आणि जितके झगडावे लागे तितके गुण देत. मी रडून पाहिले, पण चाराचे पाच झाले नाहीत. खरे सांगतो, मला त्यांचा भयंकर संताप आला.

शिष्यवृत्ती हुकली, तेव्हा सामान बांधून मी कल्याणला परतलो. आठवड्याभरात पंत आमच्या ओटीवर हजर! आई घाबरून आत पळाली.

"मुलाला माझ्या घरी ठेवून शिकवतो," ते माझ्या वडिलांना, तात्यांना, म्हणाले.

"तुमच्या घरचे अन्न खाऊन?" तात्या कडाडले.

तात्यांपुढे मी कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी कोण जाणे कसा, बोलून गेलो. "तात्या, मी तिथे स्वतः शिजवून खाईन. पण ज्यांच्या दक्षिणेवर आपण जगतो, त्यांनी काय काय केले आहे हे आपण कधी विचारले का? मग यांनाच का विचारता?"

तात्या पंतांकडे वळले. मग म्हणाले, "न्या त्याला, पंत."

पायरी उतरताना पंत हळूच म्हणाले, "आज चौदा. शेवट घाईत उरकलास."

पुढे वर्षभर तात्यांना कोणी श्राद्धालाही बोलावले नाही. त्यांनी मला परत बोलावले नाही, आणि पंतांनी माझ्या शिक्षणात काही कमी पडू दिले नाही.

पुनर्विवाहाबाबत पंतांचे सगळे म्हणणे मला आजही पटत नाही, आणि हे त्यांच्या या गौरव-अंकात छापा असा त्यांचाच आग्रह आहे. त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली. परमेश्वर त्यांना धडधाकट शंभरी देवो. त्यांना निरुत्तर करायला मला अजून चाळीस वर्षे तरी हवीतच.