सुधा थांबायची

तार दुपारी आली. सुधा गेली, एवढंच होतं तीत. मी नागपूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असणार, म्हणून गेलेही नाही...

आमची ओळख दुष्काळाच्या वर्षातली. दुष्काळी कामांवरच्या बायकांशी बोलून त्यांचे हाल सरकारपुढे मांडायचे म्हणून ती आली होती आणि मी इथली मास्तरीण, सोबतीला हिंडत होते. खरं सांगते, तिच्या संशोधनावर माझा काडीचा विश्वास नव्हता. आकडे नाहीत, प्रश्नांची यादी नाही, नुसती बसून राहायची. मेडशीजवळ खडी फोडणाऱ्या गंगाबाईला तिने विचारलं, "कसं चाललंय?"

"समदं बरं हाय बाई."

झालं, म्हणून मी पदर झटकून उठले. सुधा हलेना. उन्हात ती अशी गप्प बसली, की मलाच कानकोंडं झालं. गंगाबाईने थोडे दगड फोडले, मग हातोडा खाली ठेवला. "आमाले रांजनाले हात लावू देत नाईत. पानी वरतून ओततेत. परवा पोराले ताप होता, अन् ओतनारा जेवाले गेलता. रांजन समोर, अन् पोरगं तसंच तळमळून राह्यलं..."

सुधाने लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. तिच्या जिवाला घोर नको म्हणून नाव बदलते म्हणाली, तर गंगाबाई उसळली. "काहून? माह्यंच नाव टाका. नाई तं साहेब म्हनन, बाईनं मनानंच लिव्हलं."

सुधाचं लिहिलेलं सरकारात पोचलं, तसे साहेब चौकशीला आले आणि मुकादमाच्या देखत त्यांनी विचारलं, "काही तक्रार?" गंगाबाईची मान खाली. साहेब जीपकडे वळले. "थोडं थांबा, साहेब," सुधा म्हणाली आणि पुन्हा गप्प झाली. गंगाबाईने मान वर केली आणि सगळं सांगितलं, पोराच्या तापासकट. रांजण सगळ्यांना मोकळा झाला. गंगाबाईला मात्र मुकादमाने पुढे बरेच दिवस लांबून दगड वाहायला लावले, तेव्हा सुधा रोज तिच्यासोबत चालायची.

हे गेले तेव्हाही ती आली होती. "कशी आहेस?" "बरी आहे." ती माझ्या खाटेवर बसून राहिली. दिवेलागणीला मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले.

परवा नणंद आली. सुधाचं कळलं म्हणाली, कशी आहेस विचारलं. मी म्हटलं, बरी आहे. ती पाच मिनिटं टेकली, चहा घेतला आणि चारची एसटी धरून गेली.