वाइड लेन्समध्ये दिसलेला बीम

लग्नाचे फोटो काढणाऱ्याची पाठ कायम भिंतीला टेकलेली असते. समोर स्टेज, स्टेजवर दोन्हीकडचं गणगोत, आणि "सगळे आले पाहिजेत बरं का" असं बजावणारी कुणाची तरी आत्या. मागे सरकायला जागा नाही, म्हणून वाइड लेन्स लागते. चौसाळ्यात दुकान टाकल्यापासून मी लोकांना हे सांगतोय आणि लोक मला सांगतात की मोबाइलमध्ये सगळं येतं. मग बोलवा की मोबाइलवाल्यालाच!

गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे कॅमेरे दोन होते आणि धड वाइड लेन्स एकही नव्हती. एक जुना क्रॉप सेन्सरचा, म्हणजे आतली फोटो टिपणारी पट्टी लहान असलेला, ज्याच्यावर माझं घर चाललं. दुसरा नवा, म्हणजे कुणाचा तरी वापरलेला, फुल फ्रेम, मोठ्या पट्टीचा. पेच असा होता की क्रॉपसाठी बनवलेली दहा मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवर लावली की चारही कोपरे काळे होतात, नळीतून पाहिल्यासारखे. उलट फुल फ्रेमची सोळाची लेन्स क्रॉपवर चालते, पण कडा कापल्या जातात आणि ती वाइड राहतच नाही. एवढं वजन गळ्यात बांधून घ्यायचं आणि फोटो निघणार साधाच. बीडच्या एका फोटोग्राफर मित्रानं दोन्ही लेन्स वापरायला दिल्या. "जी आवडंल ती ठिव," तो म्हणाला. "फकस्त मान्सं कडंला उभी करू नको. रुंद दिसत्यात, मंग भांडाया येत्यात."

त्याच वेळी हायवेला नवं मंगल कार्यालय उभं राहिलं होतं. मालक गावातला पुढारी. त्याला फ्लेक्ससाठी हॉलचे फोटो हवे होते आणि हॉल आहे त्याहून मोठा दिसला पाहिजे, हे त्यानं न लाजता सांगितलं. आणि तिथलं पहिलंच लग्न माझ्या भाचीचं होतं, थोरल्या बहिणीच्या एकुलत्या एका लेकीचं. लेन्स पारखायला याहून चांगली जागा कुठली, असं मला वाटलं.

पहिल्यांदा गेलो तो क्रॉप कॅमेरा आणि दहाची लेन्स घेऊन. हॉलमध्ये नव्या रंगाचा वास होता. फोटो झकास आले. मालक मला जिना चढवून स्लॅबवर घेऊन गेला आणि त्यानं टाकी दाखवली. आमच्याकडे सोयरीक जुळवताना मुलाचा पगार विचारतात आणि कार्यालय ठरवताना पाणी. टँकर एकदाच येतो. तेवढ्यात भरून घ्यायचं, नाही तर पंगतीला बोंब. म्हणून त्यानं विटा-सिमेंटची खोलीएवढी टाकी बांधली होती, बरोबर स्टेजच्या डोक्यावर. नवरा-नवरीच्या खोल्या स्टेजमागे, म्हणजे पाइप कमी लागला. "आख्खं वऱ्हाड आंघूळ करंल," तो म्हणाला. टाकी तेव्हा कोरडी होती. आत सिमेंटची पोती पडली होती.

दुसऱ्यांदा गेलो तो लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी, फुल फ्रेम आणि सोळाची लेन्स घेऊन. टँकर नुकताच रिकामा होऊन गेला होता. मी मागच्या भिंतीला पाठ लावली आणि पाच-सहा फोटो काढले. स्क्रीनवर पाहिलं तर स्टेजवरचा बीम वाकडा. मित्राच्या नावानं एक शिवी हासडली. वाइड लेन्स सरळ रेषा वाकवते, हे मला माहीत आहे. स्वस्तातली जास्तच वाकवते. ही परत द्यायची असं ठरवून मी दहाची काढली आणि जुन्या कॅमेऱ्यावर चढवली.

त्यातही वाकडा.

मग मी लेन्सला दोष देणं सोडलं. कारण वाइड लेन्स वरच्या कडेची रेघ वाकवते ती वरच्या बाजूला, कमानीसारखी. हा बीम खाली वाकला होता, पोट सुटलेल्या माणसासारखा. मी खुर्चीवर चढलो आणि बीम बरोबर फोटोच्या मध्यात येईल असा कॅमेरा धरला. मधोमध असलेली रेघ कुठलीच लेन्स वाकवत नाही. तरी तेच. पहिल्या भेटीतला फोटो काढून शेजारी धरला. त्यात तोच बीम पट्टीसारखा सरळ होता. दोन्हीत फरक एकच होता, वर पाणी आलं होतं. स्टेजवर जाऊन वर पाहिलं, तर नव्या रंगातून केसाएवढी चीर गेली होती. एरवी ती कुणाला दिसली नसती, कारण लग्नात वर कोण बघतं?

पहिल्या भेटीतला फोटो आणि आजचा सोळाच्या लेन्सचा, असे दोन्ही मी तिथूनच मालकाच्या मोबाइलवर पाठवले आणि त्याला गाठलं. तो खुर्च्या उतरवून घेत होता.

"मालक, टाकी रिकामी करा. बीम बसतोय."

त्यानं फोटो पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं आणि तो हसला. "काय बे फोटूवाल्या, नाचता यीना अंगन वाकडं! लेन्स बदल तुझी."

"लेन्स बदलूनच बघितलं."

त्याचं हसू गेलं. "पयलंच लगन हाय माज्या हॉलात. ह्ये गावात बोललास तर ध्यानात ठिव." एवढंच बोलून तो खुर्च्यांकडे वळला. आवाज त्यानं अजिबात चढवला नव्हता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

बहिणीकडे गेलो. ती हळदीच्या गडबडीत होती. "तुला आजच कावून सुचलं रे ह्ये?" ती म्हणाली. "बस्ता झाला, पावनं निगाले. बीम पडंल म्हनून लगन मोडू?" एका ओळखीच्या इंजिनिअरला फोटो पाठवले, तर त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्या पुढाऱ्याच्या भानगडीत पडायचं नाही, हा त्याचा अर्थ.

दुसऱ्या दिवशी सगळे त्या स्टेजसमोर जमले. वर टाकी भरलेली. लेकरं स्टेजच्या पायऱ्यांवर खेळत होती. माझ्या गळ्यात कॅमेरा होता, पण एकही फोटो काढावासा वाटला नाही. भटजींनी माइकवर पुकारलं, "मुलीच्या मामानं मुलीला घेऊन यावं."

आणि मला एकदम उमगलं की सगळा कारभार माझ्यावर येऊन थांबलाय. मामानं आणल्याशिवाय नवरी बोहल्यावर येत नाही.

मी भाचीचा हात धरला आणि तिला मागच्या दारानं बाहेर पटांगणात नेलं. तिथं आचाऱ्यांसाठी कापड बांधलं होतं. त्याखाली तिला उभं केलं आणि म्हणालो, "लगन हितं लागंल. न्हाई तर मी आननार न्हाई."

"मामा, काय चाललंय?" ती रडवेली झाली.

"माजं ऐक बाई. आजच्या दिस ऐक."

मग जे झालं ते सांगण्यासारखं नाही. नवऱ्याकडचे तावातावानं आले. बहीण सगळ्यांसमोर मला वाटेल ते बोलली. मालक हॉलच्या दारात हाताची घडी घालून उभा होता. मी भाचीचा हात सोडला नाही. मुहूर्त टळायला लागला, तसे भटजीच अंतरपाट घेऊन बाहेर आले. भर उन्हात, फोडणीच्या वासात अक्षता पडल्या.

बीम पडला नाही. मालक मला ऐकू येईल असं चारचौघांत म्हणाला, "पडलं का? न्हाई ना?" लोक हसले. बहीण महिनाभर बोलली नाही. मला मात्र भाचीला जिवंत सासरी जाताना पाहून रडू आलं, आणि लोकांना ते मामाचं रडू वाटलं. सोळाची लेन्स मी ठेवून घेतली.

दिवाळीनंतर हायवेला कार्यालयाचा मोठा फ्लेक्स लागला. फोटो माझाच, सोळाच्या लेन्सचा, मी पुरावा म्हणून पाठवलेला. त्यात हॉल जास्त उजळ दिसतो, म्हणून मालकानं तोच निवडला होता. फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर बीम पट्टीसारखा सरळ करून दिला होता. कोपऱ्यात माझ्या दुकानाचं नावही टाकलं होतं. मी काढायला सांगितलं, तर मालक म्हणाला, "फुकटात जायरात करतोय तुजी."

गेल्या आठवड्यात नेकनूरहून एका नवरीच्या बापाचा फोन आला. "भाऊ, पोरीचं लगन धरलंय. हायवेचंच कार्यालय घेतलंय, फोटू तुमीच काढायचे."

"हॉल बदला," मी म्हणालो. "स्टेजवरचा बीम वाकलाय. मी सोता बघितलाय."

 तो समजूत घालावी तसा म्हणाला, "न्हाई हो भाऊ. बोर्ड बघूनच हॉल धरला की आमी. सरळ हाय बीम. तुमीच काडलाय ना त्यो फोटू?"

 मी विचारलं, "आन् टाकी?"

"पान्याची काळजीच न्हाई," तो खुशीत म्हणाला. "मालकानं टाकी आता दुप्पट केलीय."