यमूआत्याचे केस

यमूआत्याच्या डोक्यावर एक केस नव्हता, आणि अख्ख्या भिसेगावातल्या बायका वेणीफणीला तिच्याकडे यायच्या! खरंच सांगते, थट्टा नाही. लाल आलवणाचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, पदराखाली गुळगुळीत डोकं, आणि समोर आम्हा पोरींची ओळीनं ओली डोकी. लहानपणीच नवरा गेला, रीतीप्रमाणे केस गेले, आणि ती भावाकडे येऊन राहिली. हा भाऊ म्हणजे आमचे शेजारी अण्णा. दर पंधरवड्याला सखाराम न्हावी धोकटी घेऊन त्यांच्या मागच्या दारी यायचा. हे आम्हाला इतकं सवयीचं होतं, की त्यात विचारण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नाही.

आत्याचा पहिला नियम असा: "ओला केस गरीब, सुका केस मुजोर. काय सांगायचं ते ओला असताना सांगा." लढाईच्या भीतीनं मुंबईची माणसं आमच्याकडे कर्जत-भिसेगावात येऊन राहिली होती ना, तेव्हा त्यातल्या एका बाईच्या डोक्यावर आत्यानं विहिरीवर लाटा पाहिल्या. लाटा म्हणजे अगदी समुद्राच्या, कपाळापासून कानापर्यंत! आत्या पाणी भरायचं विसरली. घरी येऊन अळशी शिजवली, फडक्यातून गाळली, ते बुळबुळीत पाणी माझ्या डोक्याला चोपडलं, आणि दोन बोटांच्या चिमटीत एक लाट इकडे, एक लाट तिकडे. वर फडकं बांधलं आणि मला निखाऱ्यांवर पालथ्या घातलेल्या धुपाच्या टोपलीपाशी बसवलं. "सुकेपर्यंत हलायचं नाही, हसायचं नाही!" असं बजावायची आणि लगेच अण्णांच्या घोरण्याची नक्कल करायची. हसू नाही येणार तर काय होणार? माझी डावी लाट त्या नकलेपायी वाकडी झाली ती झालीच.

आणि तो चिंचोका! थांबा, तो सांगायलाच हवा. आत्यानं माझा एक लांबलचक केस खिळ्याला टांगला होता आणि त्याच्या टोकाला बांधला होता चिंचोका. मागं भिंतीवर कोळशाच्या रेघा. हवा दमट झाली की केस लांबायचा, चिंचोका खाली यायचा. "आज लाटा नकोत गं, चिंचोका उतरलाय. साधा अंबाडा घाला नि घरी जा." गल्लीतल्या बायका पापड घालायच्या आधी चिंचोका बघून जायच्या! अण्णा ओरडायचे, "यमे, घरात केस टांगतेस? अवदसा येईल!" आत्या शांतपणे म्हणायची, "आली तर तिचीही वेणी घालीन."

तरी लग्नाच्या दिवशी नवरीला ती हात लावायची नाही. नवरीचा खोपा आदल्या दिवशी गुपचूप घालून यायची, आणि लग्नात सगळे म्हणायचे, वा, काय खोपा! अण्णा खालापूरच्या कचेरीला निघायचे तेव्हाही ती समोर यायची नाही, मागच्या अंगणात बसून असायची. अण्णांना शकुन-अपशकुनाचं भारी वेड.

मग एका पावसाळ्यात सखाराम लेकीच्या गावी गेला आणि तिथं हिवतापानं आडवा झाला. अण्णा म्हणत राहिले, "दुसरा कशाला, आपला सखाराम येईल." तो दसरा उलटला तरी आला नाही. एक दिवस आत्या वाकली, पदर घसरला, आणि मी किंचाळलेच. कुरळे! बोटभर, गच्च, मेथीच्या जुडीसारखे कुरळे केस!

"आत्या, तुझे केस कुरळे आहेत!"

"काहीतरीच काय? आई तर तेल थापून चप्प वेणी घालायची माझी." तिनं हात लावून पाहिला. मग आरसा मागितला. आत्यानं आरसा मागितला! बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "अगं, न वळवता वळलेत की." मग अळशी लावून ते सरळ बसवायला गेली. छे! ओले असतानाही ऐकेनात. इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं.

आणि दुसऱ्याच दिवशी सखाराम दारात. "आत्याबाय, लय दिस झालं. बसा."

"तू बस, चहा घे. डोकं मिळायचं नाही."

अण्णा बाहेर आले. सखाराम म्हणाला, "अण्णा, बाय नको म्हनत्यात. मी जबरी करू काय? वस्तरा हाय माजा, कोयता नाय." धोकटी उचलून तो चालता झाला.

"यमे, लोक काय म्हणतील?" अण्णा लालबुंद.

"त्यांच्या बायका माझ्याचकडे येतात. मला कळेलच."

हे अण्णांना फारच झोंबलं. "मग यापुढं या घरात एक तर तुझे केस राहतील, नाहीतर हा वेणीफणीचा धंदा. दोन्ही नाही!"

संध्याकाळी आत्यानं फणी धुऊन पुसून कोनाड्यात ठेवली. जरा वेळानं परत काढली, हातात घेऊन बसली. म्हणाली, "बबे, सकाळी सखारामला निरोप दे, ये म्हणावं. केस काय, माझ्याजवळ कधी नव्हतेच. पण तुमची डोकी नसली तर मी दिवसभर करू काय?"

मी निरोप दिला का? छट्! उजाडताच मी सखारामाचं घर सोडून बाकी सगळ्या घरांत पळाले. बायका म्हणाल्या, चला, न्हाऊनच जाऊ.

अण्णा छत्री घेऊन निघाले, दार उघडलं, आणि पुढच्या अंगणात ही गर्दी! सगळ्यांचे केस ओले, मोकळे, कमरेपर्यंत सोडलेले. निघताना मोकळ्या केसांची एक बाई दिसली तरी अण्णा घरात परतायचे, इथं तर अंगण भरलेलं! आत गेले, पाणी प्यायले, पुन्हा आले. आम्ही तिथंच. तिकडं खालापूरची मोटार भोंगा वाजवतेय.

"अगं, बांधा ते केस!"

"कशा बांधणार? आत्या बांधते," मी म्हटलं.

तेवढ्यात काकू, म्हणजे अण्णांची बायको, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. जन्मात अण्णांपुढं मान वर न केलेल्या काकू! केसांतून पाणी ठिबकत होतं. गलका ऐकून मागच्या अंगणातून पुढं आलेल्या आत्यासमोर पाट ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, आधी माझे."

अण्णांनी छत्री आपटली. "यमे, बांध. सगळ्यांचे बांध."

"धंदा बंद आहे ना?"

"चालू कर!"

"आणि माझे केस?"

भोंगा पुन्हा वाजला. "ठेव! वाढव! पायापर्यंत वाढव, पण माझी मोटार चुकवू नकोस!"

आत्यानं आमचे सगळ्यांचे केस गुंडाळून गाठी मारल्या, आणि अण्णा धोतर सावरत पळाले. आम्ही हसून हसून लोळायच्या बाकी होतो.

मग काकूंनी आत्याला पाटावर बसवलं. "आता माझी पाळी." फणी घेतली आणि त्या कुरळ्यांतून हळूहळू गुंता काढायला लागल्या. आत्या आधी ताठ बसली, मग सैल झाली, मग काकूंच्या गुडघ्यावर डोकं टेकून चक्क झोपली. भरसकाळी, तोंड उघडं टाकून! काकू कुजबुजल्या, "उठवू नका गं." त्यांनी फणी तशीच केसांत राहू दिली, आणि आम्ही सगळ्या अंगणभर बसून राहिलो, तोंडात पदर कोंबून, हसू दाबत.