मागची काच नसलेली गाडी

माझ्या धाकट्या मामांइतका हट्टी माणूस तापीच्या या काठावर झाला नाही आणि त्या काठावरही झाला नसावा. आणि इतक्या हट्टाने, इतकं हिंडून, इतकी भिकार गाडी पसंत करणारा माणूस तर साऱ्या निमाडात दुसरा सापडणार नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. मामांचा चेहरा बारा महिने सुतकातला. लग्नाला गेले तरी यजमान धावत येऊन आधी विचारायचे, "घरी सगळं ठीक आहे ना?" ऊन पडलं तर मामा म्हणायचे केळी करपणार, वारा सुटला तर म्हणायचे आडवी होणार, आणि हवा छान असली तर "हे काही खरं नाही" म्हणून गप्प बसायचे. पण देवाने या माणसाला कान मात्र असे दिले होते की बस! डोळ्यांवर त्यांचा विश्वासच नव्हता. माठ घ्यायचा तर टिचकी मारून, नारळ घ्यायचा तर कानाशी हलवून. उन्हाळ्यात तापीच्या वाळूत कलिंगडं घ्यायला गेले की एकेक उचलून कानाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. एकदा तिथला कलिंगडवाला वैतागून म्हणाला, "सेठजी, तरबूज लेना है या उसका दुखड़ा सुनना है?" मामांनी डोळे न उघडताच हात वर करून त्याला गप्प केलं आणि पुढचं कलिंगड उचललं.

अशा कानाच्या माणसासाठी घरातला एक आवाज कित्येक वर्षं बंद होता. थोरले मामा, ज्यांना सगळं घर दादा म्हणे, आणि हे धाकटे मामा यांच्यात अबोला होता. कारण ऐकाल तर हसाल. मळ्यात कापूस लावायचा की केळी, यावरून गड्यांच्या देखत दादा म्हणाले, "तुला शेतीतलं काय कळतं?" मामा तडकले. "असं असेल तर पुन्हा माझ्याशी बोलू नका!" झालं. "जन्मात दादाने माझं काही ऐकलं नाही," मामा मला सांगायचे, "नेमकं हे एक ऐकलं रे!" दोघं एकाच ओसरीवर बसायचे, एकाच पंगतीला जेवायचे आणि बोलायचे ते मधल्या माणसाशी. मी तेव्हा बुऱ्हाणपुरात शाळामास्तर म्हणून नवा लागलो होतो आणि तिथल्याच राजपुरा मोहल्ल्यात या मामांच्याच घरी राहत होतो, त्यामुळे मधला माणूस म्हणून माझी बिनपगारी नेमणूक झाली. दादा म्हणायचे, "त्याला सांग, मोटेचा दोर बदलायला झालाय." मामा म्हणायचे, "त्यांना सांग, कालच बदलला." दोघांच्या मध्ये जेमतेम हातभर जागा, आणि मी मास्तर माणूस डावीकडचं उजवीकडे पोचवतोय! मी नसलो की हे काम थोरल्या मामीकडे जायचं, आणि मामी चुलीपाशी असली तर दोघं ओसरीच्या खांबाला सांगायचे. मामी म्हणायची, "या घरातलं माझ्यापेक्षा खांबाला जास्त कळतं."

मग एका सकाळी दादांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. राहिली ती मान, आणि तीसुद्धा फक्त 'नाही' म्हणायला हलायची. दूध देऊ? नाही. शाल घालू? नाही. उशी सरकवू? नाही. मामी डोळे पुसता पुसता म्हणायची, "बघा, एवढं सगळं नेलं देवाने, स्वभाव तेवढा जागच्या जागी ठेवला." वैद्यबुवा म्हणाले, "रोज मळ्यात न्या यांना. सारा जन्म तिथे गेलाय. वाचा परत आलीच तर ओळखीच्या जागीच येईल. पण फार दिवस घालवू नका." आमचा मळा धूलकोटच्या रस्त्याला. बैलगाडीतून एकदा नेऊन पाहिलं. पहिल्याच खड्ड्याला दादांच्या तोंडून असा काही आवाज निघाला की अर्ध्या वाटेतून परत आणलं.

त्या संध्याकाळी मामा मला म्हणाले, "मोटार घ्यायची." मी म्हटलं, "मोटार घ्या, पण त्याआधी दादांशी बोला. त्यांना सगळं ऐकू येतं." मामा म्हणाले, "मी आधी बोललो तर तो काय करणार? त्याला 'ये' म्हणता येत नाही, 'चालता हो' म्हणता येत नाही. समोरच्याला शिवी देता येत नसताना त्याची माफी मागायची, हे तर फसवणं झालं. मतलब, तो आधी बोलेल. मग मी." मी कपाळाला हात लावला. दादांची वाचा परत येणार की नाही यावर आता दोन माणसांचा जीव टांगला होता, आणि त्यातला धडधाकट होता त्याची मला जास्त काळजी वाटायला लागली.

तशी ती वर्षं जुनी गाडी घ्यायला बरी होती. देशातली संस्थानं भराभर विलीन होत होती, राजेलोकांची मोटारघरं रिकामी होत होती, आणि लढाईतल्या लष्करी गाड्याही लिलावात निघत होत्या. आमच्या घरातली दोन संस्थानं तेवढी विलीन व्हायला तयार नव्हती. खुद्द दिल्लीहून कोणी आलं असतं तरी खांबाशी बोलून परत गेलं असतं. आम्हाला हवी होती ती आता जिला पिकअप म्हणतात तसली गाडी. पुढे दोघांना बसायला जागा, मागे उघडा हौदा, त्यात दादांची बाज मावावी, रोज जाऊन यावी आणि परवडावी. एवढंच असतं तर पंधरवड्यात काम झालं असतं. पण मामांची आणखी एक अट होती. मागे बाजेवर पडलेला आजारी माणूस हळूच काही बोलला तर पुढे चालवणाऱ्याला ते ऐकू आलं पाहिजे!

गाडी बघायला मला बरोबर न्यायचे ते त्यासाठी. मी हौद्यात आडवं व्हायचं, गाडी सुरू झाली की एकोणतिसाचा पाढा म्हणायचा, आणि मामांनी पुढे बसून कान द्यायचा. "शाळेतला आवाज नको," अशी ताकीद असे, "आजाऱ्याच्या आवाजात म्हण." खंडव्याला एक लष्करी गाडी पाहिली. काय गाडी होती! टायर कोरे, पत्रा असा की घण घातला तर घणच वाकावा, आणि भावही बेताचा. पण इंजिन सुरू झालं आणि मला माझाच पाढा ऐकू येईना. शेवटी मी "मामा, मी पडलो हो!" अशी बोंब ठोकून पाहिली. मामा सावकाश उतरले आणि म्हणाले, "काही ऐकू आलं नाही. चल घरी." विकणारा आमच्याकडे बघतच राहिला.

मग नर्मदेकडच्या एका चिमुकल्या संस्थानातली शिकारीची गाडी पाहिली. मखमली गाद्या, बंदुका टेकवायला पितळी आकडे, आणि इंजिन असं की मांजर गुरगुरावं. माझा तर जीवच जडला तिच्यावर. पण पुढच्या आणि मागच्या बैठकीच्या मध्ये चांगली जाड काच होती. कारभारी ऐटीत म्हणाले, "सरकार मागे काय बोलतात ते ड्रायव्हरला कळू नये म्हणून खास बसवून घेतली. या काचेचीच तर किंमत आहे." मामा म्हणाले, "मग काच तुम्ही ठेवा, गाडी आम्हाला द्या." कारभाऱ्यांना ती टवाळी वाटली. त्यांनी आम्हाला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं.

इकडे दादा खंगत चालले होते. गालफडं बसली, डोळे मोठे दिसायला लागले. आम्ही परत आलो की मामी दारातच विचारायची, "मिळाली?" आणि आमची तोंडं बघून आत जायची. एकदा मी चिडून म्हणालो, "मामा, तुमच्या कानाला गाडी पसंत पडेपर्यंत दादा राहायचे नाहीत!" मामा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा ते कधीच बाहेर पडलेले होते.

गाडी सापडली ती गावाबाहेर, एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या मागच्या आवारात. कुठल्याशा ठेकेदाराने सोडून दिलेली. रंग कोणता होता ते सांगता येत नव्हतं. एक दार सुतळीने बांधलेलं, हौद्यात चौकीदाराच्या कोंबड्या नांदत होत्या, आणि ड्रायव्हरच्या पाठीमागची काच पार गेलेली, नुसतं चौकोनी भोक. मामांनी मला तिथे बोलावून नेलं, बरोबर आणलेल्या मिस्त्रीने कशीबशी ती सुरू केली, मी कोंबड्यांच्या घाणीत आडवा होऊन पाढा म्हणायला लागलो. "एकोणतीस सत्ते?" पुढून मामांनी विचारलं. मी म्हटलं, "दोनशे तीन." त्या भोकातून मामांचा चेहरा मागे वळला, आणि मी जन्मात पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं. सांगतो, बघवलं नाही मला. मिस्त्री बिचारा जीव तोडून सांगत होता, "सेठजी, पीछे का काँच तो लगवा लो, सारी धूल खाओगे." मामा म्हणाले, "खाऊ दे."

गाडी घेतली तशी ती शिकायलाही हवी होती. गिअर पडला नाही की मामा तिला बैलाला करतात तसं चुचकारायचे. त्यात तिची एक खोड होती. हळू चालवली की ती छाती फुटेस्तोवर ओरडायची, आणि भरधाव सोडली की गप्प व्हायची. मग मामा कशाला हळू चालवतील? मान मागे कलती, डावा कान भोकाला लावलेला, नजर रस्त्यावर असलीच तर योगायोगाने, आणि गाडी सुसाट! राजपुऱ्यातल्या बाया आमचं इंजिन सुरू झालं की अंगणातली पोरं, पापड आणि म्हातारी माणसं आत घ्यायच्या. मागे बाजेवर दादा, आणि शाळा भरायच्या आधी त्यांना धरून बसायला मी. मळ्यात पोचलो की दादा टक लावून त्या भांडणातल्या केळीकडे बघत पडायचे, आणि मामा लांब बांधावर पाठ करून उभे राहायचे. पाठ आमच्याकडे आणि कान आमच्याकडे. असे किती दिवस गेले. शब्द काही आला नाही. मामा रात्री मला विचारायचे, "ओठ तरी हलले का रे?" मी नाही म्हणायचो. खोटं तरी किती बोलणार?

आणि मग एका सकाळी, परत येताना, पुढे कापसाच्या बैलगाड्यांची रांग आडवी आली. मामांनी वेग कमी न करता हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. आणि त्या गदारोळात दादांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. त्यांचं तोंड वाकडं झालं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, आणि फाटक्या आवाजात, पण स्पष्ट, ते म्हणाले, "त्याला... सांग... हळू."

गाडी कच्चकन थांबली. एवढा खटाटोप करून ऐकू येणारी गाडी घेतली, आणि नेमक्या त्या वेळी हा माणूस स्वतःच हॉर्न वाजवत होता! भोकातून मामांचा धुळीने माखलेला चेहरा मागे आला. "दादाचा आवाज होता ना? काय म्हणाला? कोणाला म्हणाला रे? मला?"

मी दादांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. मी म्हणालो, "हो. तुम्हालाच म्हणाले. म्हणाले, हळू चालव."

आता मान हलणार, असं मला वाटलं. एवढ्या वर्षांचा हट्ट, तो काय असा सहजासहजी सुटतो! पण दादांनी मान हलवली नाही. माझ्याकडून नजर काढली आणि हळूहळू, फार कष्टाने, त्या भोकाकडे नेली. दोघा भावांनी एकमेकांकडे असं सरळ पाहिलेलं मी तोवर बघितलं नव्हतं. "होय दादा," मामा म्हणाले. "हळू चालवतो."

त्या दिवसापासून मामा गाडी अशी चालवायला लागले की बैलगाड्यासुद्धा मागून पुढे जायच्या. साहजिकच गाडी ओरडायची, आणि मागचं एक अक्षर पुढे ऐकू यायचं नाही. तशी त्याची गरजही पडली नाही. दादा पुन्हा कधीच बोलले नाहीत. थंडीत, केळीचे घड कापायला आलेले असताना, ते गेले. मामा दहा दिवस ओसरीवर बसून होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "दादा आधी बोलला. मला बोलला. भाचा होता तिथे, विचारा त्याला." मामी हे ऐकून माझ्याकडे बघायची. तिला बहुधा कळलं होतं. ती त्या दोघांच्या मध्ये जन्मभर राहिली होती.

गोडजेवण झाल्यावर पाहुणे पांगले, तेव्हा मामा माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "मी विचार करून राहिलोय. त्याला खड्ड्यांचा त्रास होत असेल, पण 'हळू' म्हणाला तो त्यासाठी नव्हे. मी कुठेतरी धडकेन, मला लागेल, म्हणून म्हणाला. हो ना रे?"

मी म्हणालो, "हो मामा. मला पण तसंच वाटतं." आणि खरं सांगायचं तर, आता मला खरोखरच तसं वाटतं.