कोमट चहा

त्या हिवाळ्यात मी एक थर्मास बाद केला होता, दुसऱ्याला नावं ठेवत होतो आणि तिसऱ्याच्या शोधात होतो.

आम्ही कामशेतला राहतो. मी मूळचा सुदुंबऱ्याचा आणि नोकरीही त्याच बाजूला, एका कारखान्याच्या तपासणी विभागात. दिवसभर सुटे भाग गेज लावून मापायचे आणि मापात नसेल तो लाल ट्रेमध्ये टाकायचा. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि रविवार मोकळे मोकळे वाटायला लागले, तेव्हा मी आणि बायको मोटारसायकलवर बाहेर पडायला लागलो. कधी भाज्याच्या लेण्यांकडे, कधी पवनेच्या कडेने, कधी लोणावळ्याच्या पुढे. सकाळी निघायचं आणि ऊन उतरायच्या आत घरी. बरोबर पोळीभाजीचा डबा आणि थर्मासभर चहा.

चहा पिण्यापेक्षा मला तो हातात धरायला जास्त आवडायचा. गाडी चालवून बोटं आखडलेली असायची. वर पोचलं की थर्मासचं झाकण भरून घ्यायचं, दोन्ही तळवे त्याला लावायचे आणि ऊब मनगटापर्यंत चढेस्तोवर गप्प बसायचं. बायको तोवर अर्धा चहा संपवायची.

विसापूरच्या पठारावर एका रविवारी ती ऊब आलीच नाही. वारा जोरात होता. मी झाकण धरून बसलो, बराच वेळ बसलो. शेवटी म्हणालो, थर्मास गेला वाटतं, चहा कोमट झालाय. बायको तिच्या कपावर फुंकर मारत होती. ती म्हणाली की तिची तर जीभ पोळली. मला वाटलं ती थर्मासची बाजू घेतेय. तिच्या माहेरून आलेला थर्मास होता तो, लाल प्लास्टिकचा, आतून काचेचा.

मी चहाचा मोठा घोट घेतला. संध्याकाळी जेवताना टाळूची साल निघालेली लागली. मी ती जिभेने चाचपली आणि भाजी तिखट झालीय असं म्हणालो.

पुढच्या आठवड्यात मी लोणावळ्याच्या बाजारातून स्टीलचा थर्मास आणला. दुहेरी भिंतीचा आणि चांगला जड. पहिल्या दोन रविवारी मी त्याला वेळ दिला. तिसऱ्या रविवारी घरातला जिलेबीच्या पाकाला लावायचा थर्मामीटर बरोबर घेतला. भाज्याच्या पायऱ्यांवर बसून चहात बुडवला तर पारा बराच वर गेला. इतका वर, की कुणीही म्हणालं असतं चहा कडकडीत आहे. कारखान्यात असा आकडा आला असता तर मी मुकाट्याने नोंद करून पुढे गेलो असतो. इथे मी झाकण पुन्हा हातात धरलं, काहीच लागलं नाही, आणि थर्मामीटर बिघडलाय असं ठरवून टाकलं.

बायको माझ्याकडे बघत होती. तिने डबा उघडला, पोळी मोडून माझ्या पुढ्यात ठेवली आणि मग विचारलं, "तुमच्या बोटाला काय झालंय?"

उजव्या करंगळीच्या बाजूला पाण्याने भरलेला फोड होता. मला तो तेव्हाच दिसला. मी म्हणालो, कामावर लागलं असेल कशानं तरी. ती बरं म्हणाली आणि दरीकडे बघत राहिली. खाली मळवलीच्या बाजूने आगगाडी गेल्याचा आवाज आला. त्या दिवशी आम्ही लवकर परत फिरलो. तिला थंडी वाजतेय असं ती म्हणाली, पण अंगातला स्वेटर तिने मघाशीच काढून पिशवीत टाकला होता.

कामशेतच्या बाजारपेठेत एका म्हाताऱ्या मुसलमान गृहस्थांचं भांड्यांचं दुकान आहे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. दुसरा थर्मास घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. माल त्यांच्या दुकानातला नव्हता, तरी त्यांनी तो हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला आणि थर्मास कसा घ्यावा ते मला समजावून सांगितलं. बुचाची रबराची रिंग आधी बघायची. दाबून चहा ओतायचं बटण असलेलं झाकण घ्यायचं नाही, दूध अडकून वास मारतो. तोंड हात जाईल इतकं रुंद नको, पण ब्रश जाईल इतकं हवं. चहा भरायच्या आधी उकळतं पाणी पाच मिनिटं आत ठेवून ओतून द्यायचं, म्हणजे आतली भिंत चहाची ऊब खात नाही. आणि थर्मास गेलाय की नाही हे बघायचं तर उकळतं पाणी भरून बाहेरून हात लावायचा. बाहेर गरम लागलं तर दोन भिंतींमधली पोकळी फुटली असं समजायचं.

त्यांनी मागच्या शेगडीवर पाणी उकळलं, थर्मासमध्ये भरलं, बूच लावलं आणि बाहेरून हात फिरवला. थर्मास ठणठणीत आहे, त्यांनी सांगितलं. मी हटलो नाही. म्हणालो, आत पाणी गरम राहत असेल, पण ओतलं की लगेच निवतं. मग त्यांनी बूच काढून एक स्टीलचा गिलास काठोकाठ भरला आणि गल्ल्याशेजारी ठेवला. त्यातून वाफ निघत होती. मी तो उचलला, मुठीत धरला आणि त्यांना म्हणालो, हे बघा, कोमट आहे.

चाचांनी माझ्या हातातला गिलास घ्यायला बोटं पुढे केली आणि झटक्यात मागे घेतली. मग ते माझ्या मुठीकडे बघत राहिले. मी अजून गिलास धरूनच होतो.

"भाऊ," ते हळू आवाजात म्हणाले, "त्यो गिलास खाली ठेवा."

मी ठेवला. तळवा लालभडक झाला होता.

"चटका बसत न्हाई व्हय तुमाला?"

त्यांनी हात दाखवायला सांगितला. करंगळीचा जुना फोड, अंगठ्याच्या मुळाशी एक सुकलेला डाग, बोटांच्या पेरांवर आणखी दोन. ते डाग कधीचे, कशाचे, मला एकाचंही सांगता आलं नाही. बाही वर करा म्हणाले, म्हणून केली. कोपराखाली रुपयाएवढा फिकट चट्टा होता. तो मी कित्येकदा पाहिला होता आणि उन्हाचा समजलो होतो.

"माज्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालतं," ते म्हणाले. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी दुसरा एखादा थर्मास दाखवा म्हणालो तर त्यांनी मान हलवली. "आज थर्मास देत न्हाई मी. आदी डाक्टरला हात दावा, मग या."

निघताना मी वळून पाहिलं. त्यांनी गिलासातलं पाणी ओतून दिलं होतं आणि गिलास पुसून परत आपल्या रोजच्या वापरातल्या भांड्यांत ठेवला होता. त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भातातलं पाणी वेळत होती. झाकण ठेवून ती पाटावर बसली आणि म्हणाली की तिला दिवाळीपासून माहीत होतं. मी तवा नुसत्या हाताने उचलला होता, तेव्हा ती मागेच उभी होती. इस्त्री करताना करपल्याचा वास आला आणि कपडा तर नीट होता. रविवारचा तोच चहा तिची जीभ पोळायचा आणि मी त्याला कोमट म्हणायचो. एकदा मी झोपलेलो असताना तिने माझ्या बोटाला टाचणी टोचून पाहिली होती.

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही थर्मास बदलत होतात," ती म्हणाली. "म्हटलं, बदलू देत. तेवढे दिवस तरी जातील."

सरकारी दवाखान्यातली डॉक्टर मुलीपेक्षा थोडीच मोठी असेल. तिने डोळे मिटायला सांगितले, पेनाचं टोक जागोजागी टेकवलं आणि कुठे लागतंय ते बोटाने दाखवायला सांगितलं. बऱ्याच वेळाने मी विचारलं, सुरुवात कधी करणार. ती म्हणाली, झालं सुद्धा. मग दोन नळ्या आणल्या, एकीत गरम पाणी आणि दुसरीत गार. मी दोन्ही वेळा गार म्हणालो. तिने कोपराच्या मागची शीर चेपली, ती दोरीसारखी जाड लागत होती. एवढं सगळं झाल्यावर तिने आजाराचं नाव घेतलं. कुष्ठरोग. शेजारी बसलेल्या बायकोने तिची पर्स मांडीवरून उचलली आणि पुन्हा मांडीवरच ठेवली.

डॉक्टर समजावून सांगत होती. गोळ्या सुरू झाल्या की माझ्यापासून कुणाला धोका राहत नाही. औषध फुकट मिळतं. बायकोला आणि मुलीला तपासून खबरदारीचा एक डोस देऊ. आजार नक्की जाईल, पण गेलेली जाणीव परत येईलच असं सांगता येत नाही. शेवटचं वाक्य तिने आधीच्या वाक्यांच्याच सुरात म्हटलं.

वर्षभर गोळ्या घेतल्या. त्यांनी अंगाचा रंग काळपट पडला. कारखान्यात मी उष्णतेची ॲलर्जी सांगितली आणि सुदुंबऱ्याला आईला ऊन सांगितलं. आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि इतकं ऊन कुठं लागतं रे बाबा, असं विचारलं. तिला अजून सांगितलेलं नाही. तिच्या लहानपणी गावात अशा माणसाला वेशीबाहेर झोपडं बांधून दिलं होतं आणि ती ते कुणी न विचारता सांगते.

तिसरा थर्मास बायकोने जाऊन आणला. चाचांनी कानाचा, लाकडी मुठीचा एक कप त्याबरोबर शोधून दिला होता. रविवारी आता ती आधी ओठ लावते आणि मग कप माझ्याकडे देते. कधी म्हणते घ्या, कधी म्हणते थांबा. मी थांबतो. चहा गरम आहे हे मला दुसऱ्याकडून कळतं, याची सवय होईल असं वाटलं होतं. अजून तरी झालेली नाही.

गोळ्या संपल्या तेव्हा डॉक्टरने सांगितलं होतं की रोज संध्याकाळी हात आणि पाय डोळ्यांनी तपासायचे, कारण आता दुखण्याची वाट बघून चालणार नाही. गेल्या महिन्यात लोहगडाहून जरा उशिरा परतलो. मी बाहेर बूट काढले आणि आत आलो. बायको दिवा लावून पुसायचं फडकं घेऊन आली, कारण मी चाललो होतो तिथे फरशीवर डाग पडत गेले होते. डाव्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. बुटाच्या तळातून आत शिरलेला. मोजा टाचेखाली ओला होता आणि कडेने सुकल्या रक्ताने कडक झाला होता, म्हणजे सकाळीच कधीतरी रुतला असणार. तो घेऊन मी गड चढलो, उतरलो, वर बसून चहा प्यायलो होतो.

तिने सुई गरम केली आणि माझा पाय मांडीवर घेतला. काटा खोल होता, बराच वेळ लागला. मी भिंतीला टेकून तिच्या हाताकडे बघत होतो. दुखतंय का, असं तिने एकदाही विचारलं नाही. काटा निघाल्यावर तिने तो उजेडात धरून पाहिला, मग माझा दुसरा पाय ओढून घेतला आणि तोही तपासायला लागली.